दीड हात

दाभ्याच्या गोठ्यात पहाटे चारला
रेवती गाभडली. तिसऱ्यांदा.
पाचवा महिना सरत होता.
अंगावर केस नव्हते, खूर मात्र होते,
पिवळट, मऊ, भिजवलेल्या वालासारखे.
मी ते युरियाच्या पोत्यात गुंडाळलं, वारेसकट,
आणि फावडं घेऊन कुंपणाशी गेले.

मुरमाड जमीन. जानेवारी. बोटं वळत नव्हती.
दीड हात खणलं नि म्हटलं, पुरे.
मागच्या दोन्ही वेळीही दीडच हात.
आठ गायी पिळायच्या होत्या,
सेमिनरी हिल्सच्या बंगल्यांना चहाआधी दूध लागतं.
झिपऱ्या शेपूट हलवत मागं आला.
तो नेहमीच येतो.

सासू म्हणाली, पार्बतीची नजर.
पहिल्या वेळी ती दारात थांबली होती,
"कितवा व हिला?" एवढंच विचारलं होतं.
तेव्हापासून कोणतीही गाय व्याली
तरी तिच्या घरी चीक गेला नाही आमचा.
बिब्बा बांधला, काळा दोरा बांधला.
खुशालनं रेतन करणारा बदलला,
मग ढेपेचं दुकान बदललं.
मी रस्ता बदलला, पार्बती दिसली की.

व्हेटर्नरी कॉलेजातून ढोक डॉक्टरीण आली,
पंचविशीची असेल, गमबूट दोन नंबर मोठे.
आठही गायींच्या मानेतून रक्त घेतलं,
वासराचं सांगितल्यावर हळहळली नाही,
वहीत लिहीत राहिली. ते मला बरं वाटलं.
जाताना म्हणाली, कुत्रा कोणाचा?
घरचाच.
आणि वार कुठं टाकता?

मी कुंपणाकडं बोट केलं.
तिथली माती उकरलेली होती.
रोज दिसत होती मला ती.

बारा दिवसांनी कागद आला.
निओस्पोरा. सासू त्याला निवसपुरा म्हणते,
जसं काही ते वर्ध्याकडचं गाव आहे.
डोळ्यांना दिसत नाही तो जंतू.
वारेतून कुत्र्याच्या पोटात,
कुत्र्याच्या हगण्यातून कुटारात,
कुटारातून गायीत.
आणि गाय तो कालवडीला देते, पोटातच,
जशी मी माझ्या पोरीला ही चपटी नखं दिली.
औषध? तिनं मान हलवली.
माणसांना भय नाही, म्हणाली. दोनदा म्हणाली.
मी विचारलंच नव्हतं.

खुशालनं काठी उचलली.
मी झिपऱ्याच्या आडवी उभी राहिले.
त्याचं ताट कोणी वाढलं होतं?

कागदावर लाल खुणा दोन.
रेवती, आणि दुर्वा,
रेवतीचं पहिल्या वेताचं, एकुलतं जगलेलं.
चार दात, तुकतुकीत, कधी साधी शिंकली नाही.
काटोलचा माणूस तिला घ्यायला आला, बासष्ट हजार बोलला.
खुशालनं मला डोळ्यांनी दटावलं.
मी चहाच्या कपाखाली कागद सरकवला.
त्यानं तो वाचला, चहा पूर्ण प्यायला,
"बाई, उपकार झाले," म्हणून गाडी मागं घेतली.
त्या रात्री खुशाल अंगणातच झोपला.

दुर्वा आमच्याकडंच आहे. गाभण आहे.
सगळ्याच गाभडतात असं नाही, डॉक्टरीण म्हणते.
झिपऱ्या साखळीला, रात्रभर कुरकुरतो.
कुटारावर ताडपत्री आली.
कुंपणाशी कमरेइतका खड्डा खणून ठेवलाय,
शेजारी चुन्याचं पोतं.
खड्डा कशासाठी, ते आम्ही दुर्वेसमोर बोलत नाही.

काल पार्बती दारावरून चालली होती,
मान खाली, पाय झपझप.
मीच म्हटलं,
"पाचवा लागन व हिला, पुढच्या हप्त्यात."

ती थांबली.
गायीकडं बघायला भ्याली.
पायाखालच्या मातीकडं बघून म्हणाली,
"बरं होईन."